जोखीम मोजणारं सॉफ्टवेअर घेण्याआधी: सीमाभागातल्या पतसंस्था आणि छोट्या बँकांसाठी कामाचा क्रम

जोखीम विश्लेषणाचं सॉफ्टवेअर विकणारी कंपनी संस्थेत आली की पुढचा क्रम बहुतेक ठिकाणी ठरलेला असतो. डेमो, कोटेशन, संचालक मंडळाचा ठराव, चेक आणि मग माहिती भरायला सुरुवात. काही महिन्यांनी पडद्यावर रंगीत आलेख दिसतात, पण त्यातला आकडा तेरजेशी (सगळ्या खात्यांच्या बाक्यांच्या बेरीजपत्रकाशी) जुळत नाही. मग सेक्रेटरी गुपचूप जुन्या एक्सेलवर परततात आणि वार्षिक देखभालीचा खर्च मात्र चालू राहतो.

हा क्रम उलटा करायला हवा. आधी खात्यांची माहिती साफ करायची, मग येणाऱ्या-जाणाऱ्या पैशांचा एका महिन्याचा तक्ता हाताने मांडायचा आणि त्यानंतरच कंपनीशी बोलायचं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या सौहार्द संस्था (कर्नाटकच्या वेगळ्या सौहार्द कायद्याखालच्या सहकारी संस्था), पतसंस्था आणि नागरी बँकांमध्ये कर्ज आणि ठेवीचा विभाग सांभाळणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून पुढचे टप्पे मांडले आहेत. चार-पाच हजार कर्जखाती असतील तर दोन माणसं आणि साधारण दोन महिने नुसत्या साफसफाईला धरून चला.

## १. काय मोजायचं ते आधी कागदावर लिहा

छोट्या संस्थेला चार जोखमी पुरतात: कर्ज थकण्याची, ठेवीदार आला तेव्हा रोख कमी पडण्याची, ठेवीचा आणि कर्जाचा व्याजदर वेगवेगळ्या वेळी बदलण्याची, आणि एकाच पिकात, कारखान्यात किंवा घराण्यात पैसा अडकण्याची. प्रत्येकीसमोर एक प्रश्न लिहा. उदाहरणार्थ, ‘येत्या १४ दिवसांत किती पैसे जाणार आणि किती येणार?’ ज्या मॉड्यूलला (सॉफ्टवेअरच्या भागाला) असा प्रश्न सापडत नाही ते घेऊ नका. ‘व्हॅल्यू अ‍ॅट रिस्क’ हे मॉड्यूल रोज बाजारभाव बदलणाऱ्या रोख्यांसाठी असतं. तुमची गुंतवणूक दुसऱ्या बँकेतल्या मुदत ठेवींची असेल तर त्याचा उपयोग शून्य.

संस्था कोणत्या कायद्याखाली आहे तेही याच कागदावर लिहा: कर्नाटकचा १९५९ चा सहकारी संस्था कायदा, १९९७ चा सौहार्द कायदा, की कागल-चंदगडकडेही शाखा असल्याने २००२ चा बहुराज्य कायदा. अहवालाचे नमुने यावरून बदलतात. महाराष्ट्रातल्या पतसंस्थेसाठी बनवलेला नमुना सौहार्द संस्थेच्या गळ्यात बांधलेला अनेकदा दिसतो.

## २. माहिती उतरवून घ्या

सर्व शाखांची माहिती एकाच दिवसाची हवी: महिनाअखेर, डे-एंड (संगणकात दिवसाचे व्यवहार बंद करणं) झाल्यानंतर. मुख्य शाखेची ३१ तारखेची आणि उपशाखेची २९ ची, असं झालं की शाखांमधले व्यवहार दोनदा मोजले जातात किंवा गळतात.

कर्जखात्यासाठी किमान एवढे रकाने काढा: ग्राहक क्रमांक, खाते क्रमांक, शाखा, कर्जप्रकार, मंजूर रक्कम, उचल तारीख, आजची बाकी, व्याजदर, हप्ता आणि त्याची तारीख, शेवटची भरणा तारीख, थकीत रक्कम, थकीत दिवस, तारण, तारणाची किंमत आणि मूल्यांकनाची तारीख, दोन्ही जामीनदारांचे ग्राहक क्रमांक. ठेवीसाठी ठेव तारीख, मुदत संपण्याची तारीख, दर, रक्कम, आणि याआधी किती वेळा नूतनीकरण झालं ते.

तपासणी: कर्जप्रकारानुसार बेरीज करा आणि तेरजेशी रुपयापर्यंत जुळवा. फरक निघाला तर तो सस्पेन्स खात्यात (कुठे टाकायच्या ते न ठरलेल्या रकमांच्या खात्यात), उणे बाकीच्या कर्जखात्यांत किंवा बंद दाखवूनही बाकी राहिलेल्या खात्यांत सापडतो. ‘किरकोळ फरक आहे, चालेल’ म्हणून पुढे जाऊ नका. दोन मोठे फरक एकमेकांना खाऊन शेवटी किरकोळ दिसतात.

## ३. साफसफाई

यशापयश ठरतं ते इथेच. सीमाभागातल्या माहितीत काही अडचणी अशा आहेत की बेंगळुरू किंवा पुण्याच्या कंपनीच्या माणसाला त्या दिसणारही नाहीत. त्या तुम्हीच काढायच्या.

नावं. एकाच माणसाचं नाव संस्थेच्या खतावणीत मराठीत, पहाणीवर (कर्नाटकातल्या जमिनीच्या उताऱ्यावर) कन्नडमध्ये आणि पॅन कार्डावर इंग्रजीत असतं. चौगुले, चौगले, चौगला ही तीन माणसं आहेत की एकच, हे यंत्राला कळत नाही. कन्नड कागदावर आडनावाऐवजी आद्याक्षर असलं तर गोंधळ आणखी वाढतो. त्यामुळे नावावरून जुळवणी करू नका. पॅन, जन्मतारीख आणि मोबाईल या तिन्हींपैकी दोन जुळले तर ती खाती संशयित म्हणून बाजूला काढा आणि माणसाने फाईल बघून ठरवावं. दोन भावांचा मोबाईल एकच असतो, म्हणून नुसत्या मोबाईलवर कधीच एकत्र करू नका.

जुनी माहिती नुडी किंवा श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये असेल तर उतरवल्यावर अक्षरांचा कचरा दिसतो. ती आधी युनिकोडमध्ये बदला. बदलल्यानंतर जोडाक्षरं आणि रफार तपासा, तिथे हमखास चुकतं.

जमिनीचं क्षेत्र. कर्नाटकच्या पहाणीवर क्षेत्र एकर-गुंठ्यात असतं, महाराष्ट्राच्या सातबाऱ्यावर हेक्टर-आरमध्ये. ४० गुंठ्यांचा एक एकर. म्हणजे पहाणीवरचं १-२० हे दीड एकर आहे. एक्सेलमध्ये ते १.२० असं टाकलं की तारणातले १२ गुंठे गायब होतात. उलट सातबाऱ्यावरचे ०.८० हेक्टर म्हणजे जवळपास १ एकर ३९ गुंठे, पण एकर समजून वाचले तर फक्त ३२ गुंठे. एकर आणि गुंठ्यासाठी दोन वेगळे रकाने करा, तिसऱ्या रकान्यात सूत्राने सगळं गुंठ्यात आणा (१ आर म्हणजे सुमारे ०.९९ गुंठा) आणि चौथ्यात राज्य लिहा. गुंठ्याच्या रकान्यात ३९ पेक्षा मोठा आकडा दिसला की ती नोंद चुकीची.

नवं-जुनं केलेली खाती. मार्चअखेरीस जुनं कर्ज भरून घेऊन त्याच दिवशी किंवा आठवड्यात नवं उचललं असेल, तर सॉफ्टवेअरला जुनं खातं वेळेत फिटलेलं दिसतं आणि नवं अगदी ताजं. थकबाकीचा सगळा इतिहास पुसला जातो. एकाच ग्राहकाचं एक खातं बंद झाल्यापासून १५ दिवसांत दुसरं उघडलं आणि नवी रक्कम जुन्या बाकीइतकी किंवा थोडी जास्त, अशी जोडी शोधा. वेगळी खूण करून मूळ उचल तारीख नव्या खात्याला जोडा. या यादीवर संचालक मंडळात नाराजी होते. तरीही ती करावीच लागते, कारण तिच्याशिवाय पुढचे सगळे आकडे गोड दिसतील आणि खोटे असतील.

इतिहासातले खड्डे. थकण्याची शक्यता मागच्या वर्षांच्या वागणुकीवरून काढतात. आपल्याकडे ती वर्षं सरळ नाहीत. २०१७ आणि २०१८ मध्ये कर्नाटकात सहकारी पीककर्जांना माफी मिळाली. त्या रकमेने बंद झालेलं खातं ‘फिटलं’ म्हणून धरलं तर पीककर्ज आहे त्यापेक्षा सुरक्षित भासतं. ऑगस्ट २०१९ च्या पुरात कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभेच्या काठची अनेक खाती लांबणीवर टाकली गेली. १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० या काळात कोरोनामुळे हप्त्यांना सवलत होती. तुमच्या संस्थेनेही ती दिली असेल तर ते दिवस थकीत दिवसांत मोजू नका. या तिन्हींसाठी ‘खातं कशामुळे बंद वा लांबणीवर’ असा एक रकाना लागतो: स्वतः भरलं, माफी, पूर, सवलत, नवं-जुनं, तारण विकून.

उत्पन्न कुणाच्या हातून येतं. हा रकाना मी पाहिलेल्या कोणत्याच संगणक प्रणालीत तयार नव्हता आणि आपल्या भागासाठी तो सर्वांत मोलाचा आहे. ऊस उत्पादकाचा ऊस कोणत्या कारखान्याला जातो? निपाणीच्या तंबाखूवाल्याचा माल कोणता व्यापारी उचलतो? उद्यमबाग किंवा मच्छेतल्या फाउंड्रीचं निम्म्याहून जास्त काम कोणत्या एका गिऱ्हाईकाचं आहे? शहापूर-वडगावच्या यंत्रमागधारकाला सूत कोण देतो? कर्जदार तीनशे असतील, पण त्यांना पैसे देणारे हात चारच असतील तर जोखीम चार ठिकाणी आहे.

जामीनदार. जामीनदारांचे ग्राहक क्रमांक भरले की दोन याद्या काढा: एकमेकांना जामीन असलेल्या जोड्या, आणि तीनपेक्षा जास्त कर्जांना जामीन असलेली माणसं. एकाच घरच्या चार भावांची खाती एका गटक्रमांकाखाली आणा. नागरी बँकांना एका कर्जदारावर टियर-१ भांडवलाच्या (भागभांडवल आणि राखीव निधी अशा मूळ स्वनिधीच्या) १५ टक्के आणि एका गटावर २५ टक्के अशी रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहे. पतसंस्थांनीही ती मोजपट्टी म्हणून वापरावी.

तपासणी: सगळं झाल्यावर ५० खाती चिठ्ठ्या टाकून निवडा आणि मूळ फाईल काढून प्रत्येक रकाना ताडून पाहा. तीनपेक्षा जास्त खात्यांत चूक सापडली तर ती शाखा पुन्हा करा.

## ४. एका महिन्याचा तक्ता हाताने

बँकांच्या पद्धतीप्रमाणे मुदतीचे कप्पे करा: १ ते १४ दिवस, १५ ते २८ दिवस, २९ दिवस ते ३ महिने, ३ ते ६ महिने, ६ ते १२ महिने, १ ते ३ वर्षं, ३ ते ५ वर्षं, ५ वर्षांच्या पुढे. येणारा आणि जाणारा प्रत्येक रुपया त्याच्या उरलेल्या मुदतीच्या कप्प्यात टाका. पाच वर्षांची ठेव दहा दिवसांनी संपत असेल तर ती पहिल्या कप्प्यात जाते. मूळ मुदतीवरून टाकणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक.

पहिल्या कप्प्याचं उदाहरण, आकडे लाखात. रोख आणि बँकेतली चालू बाकी ५५. येणारे हप्ते ४०, पण तुमची वसुली ८० टक्के असेल तर ३२ च धरा. संपणारी गुंतवणूक २५. एकूण येणं ११२. जाण्याच्या बाजूला संपणाऱ्या ठेवी ९०, बचत खात्यातला हलता भाग ४०, पिग्मी (एजंट रोज गोळा करतो ती ठेव) १२, मंजूर पण न उचललेली कर्जं १५, खर्च ३. एकूण १६०. तूट ४८, म्हणजे जाण्याच्या ३० टक्के. पहिल्या दोन कप्प्यांत तूट जाणाऱ्या रकमेच्या २० टक्क्यांपुढे जाऊ नये हा बँकांमधला रुळलेला दंडक, म्हणजे इथे धोक्याची घंटा.

आता समजा, संपणाऱ्या ठेवींपैकी ६० टक्के तुमच्याकडे पुन्हा ठेवल्या जातात असं धरलं. मग ९० ऐवजी ३६ च जाणार, एकूण जाणं १०६ आणि तुटीच्या जागी ६ लाख शिल्लक. एका गृहीतकाने निकाल फिरला. म्हणून दोन्ही तक्ते शेजारी ठेवा. नूतनीकरणाचा दर मागच्या तीन वर्षांच्या तुमच्या नोंदींतून, महिनावार काढा. वर्षाची सरासरी आपल्याकडे फसवते. गळीत हंगामात उसाची बिलं आली की ठेवी वाढतात. लग्नसराई, शाळेच्या फिया आणि पेरणीच्या तोंडावर त्याच उपसल्या जातात. डिसेंबरचा दर मे महिन्याला लावू नका.

बचत खात्याचा ‘हलता भाग’ काढायला मागच्या ३६ महिन्यांच्या महिनाअखेर शिलका मांडा. सर्वांत खालची शिलक हा टिकणारा भाग, त्यावरचा हलता. पिग्मीसाठी करारातली मुदत विसरा; मुदतीआधी किती टक्के लोक मोडतात ते एजंटनिहाय पाहा. एखादा एजंट सोडून गेला की त्याच्या पट्ट्यातली खाती एकदम बंद होतात.

सावधान: नागरी बँकेतल्या ठेवींना ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्था आणि सौहार्द संस्थांच्या ठेवींना नाही. अफवा उठली तर पतसंस्थेतून पैसे जास्त वेगाने बाहेर जातील. नागरी बँकेचे दर उचलून पतसंस्थेला लावणं धोक्याचं.

## ५. आता कंपनीला बोलवा

डेमो त्यांच्या नमुना माहितीवर पाहू नका, तिथे सगळं जुळतं. नाव, मोबाईल, पॅन, आधार काढून टाकलेली तुमची एका शाखेची माहिती द्या आणि तुमच्याच तक्त्याचा पहिला कप्पा काढून दाखवायला सांगा. ग्राहकांची ओळख असलेली माहिती गोपनीयतेच्या लेखी कराराआधी देऊ नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात ती जबाबदारी संस्थेवर टाकली आहे.

विचारायचे प्रश्न:

- सूत्र उघडं दिसतं का? ४८ लाखांच्या तुटीवर टिचकी मारली तर त्यामागची खाती दिसली पाहिजेत. ‘ते आतलं गणित आहे’ हे उत्तर मिळालं तर बोलणी तिथेच थांबवा.
- नूतनीकरणाचा दर, वसुलीची टक्केवारी, हलता भाग आम्ही स्वतः बदलू शकतो का, आणि कुणी कधी बदललं याची नोंद राहते का?
- आमच्या सीबीएसमधून (रोजचे व्यवहार नोंदवणाऱ्या मुख्य संगणक प्रणालीतून) माहिती आपोआप येणार की दर महिन्याला फाईल चढवायची? आपोआप येणार असेल तर सीबीएस कंपनी त्याचे वेगळे पैसे घेणार का? हा खर्च कोटेशनमध्ये बहुधा नसतो.
- पैसे शाखेमागे, वापरणाऱ्यामागे की खात्यांच्या संख्येवर? नवी शाखा काढली तर किती वाढतील?
- करार संपला तर आमची सगळी माहिती आणि जुने अहवाल साध्या एक्सेलमध्ये परत मिळतील का, किती दिवसांत?

कर्जदाराला गुण देणारी ‘स्कोअर’ पद्धत दाखवली तर ती कोणत्या कर्जदारांवरून बनली ते विचारा. शहरातल्या पगारदारांवर बनवलेला स्कोअर वर्षातून एकदा पैसे हातात येणाऱ्या शेतकऱ्याला विनाकारण खाली ढकलतो. क्रेडिट ब्युरोचा (कर्जदारांच्या परतफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीचा) अहवाल जरूर जोडा, पण गावातल्या इतर पतसंस्थांचं कर्ज त्यात असेलच असं नाही.

## ६. तीन महिने दोन्ही चालवा

हाताचा तक्ता बंद करू नका. तीन महिनाअखेरी दोन्ही काढा आणि प्रत्येक कप्प्यातला फरक लिहा. बेरजा रुपयापर्यंत जुळल्या पाहिजेत. कप्प्यात फरक आला तर कारण सापडेपर्यंत सही करू नका. बहुतेक वेळा ते तीनपैकी एक असतं: सुट्टीच्या दिवशी संपणारी ठेव, चक्रवाढ व्याज मुद्दलात धरलं की नाही, किंवा उणे बाकीची ओव्हरड्राफ्ट खाती.

थकीत खात्यांची वर्गवारीही इथेच तपासा. एसएमए म्हणजे थकायला लागलेलं, लक्ष ठेवायचं खातं; एनपीए म्हणजे अनुत्पादक झालेलं. ३० दिवसांपर्यंत एसएमए-०, ३१ ते ६० एसएमए-१, ६१ ते ९० एसएमए-२, त्यापुढे एनपीए. पीककर्जाला दिवसांऐवजी पीकहंगामाचा नियम आहे. तो सॉफ्टवेअरमध्ये वेगळा बसवला नसेल तर उसाची निम्मी खाती उगाच लाल दिसतील. आणि एनपीए झालेलं खातं थोडी रक्कम भरली म्हणून पुन्हा नियमित करू नका. सगळं थकीत मुद्दल आणि व्याज भरल्याशिवाय ते वर येत नाही.

घसरणीचा दर काढणं सोपं आहे. मार्चअखेर एसएमए-१ मध्ये १०० खाती होती, जूनअखेर त्यातली २० एनपीए झाली, म्हणजे २० टक्के. अपेक्षित तोटा म्हणजे थकण्याची शक्यता गुणिले थकल्यावर बुडणारा भाग गुणिले बाकी. ५ कोटी बाकी, ४ टक्के शक्यता, ३५ टक्के बुडीत भाग: ७ लाख. एखाद्या कर्जप्रकारात तीस-चाळीसच खाती असतील तर ही टक्केवारी वापरू नका, दोन खाती थकली तरी ती उड्या मारते. तिथे प्रत्येक फाईल वाचणं हाच उपाय.

## ७. ताणाची परीक्षा

वाईट वेळ आली तर आकडे किती हलतात ते आधीच पाहणं म्हणजे ताणाची परीक्षा. तयार परीक्षा सॉफ्टवेअरमध्ये असतात, पण त्या मोठ्या बँकांसाठी बेतलेल्या असतात. आपल्यासाठी या तीन आधी बसवा.

उसाचं बिल ६० दिवस उशिरा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे बिल १४ दिवसांत मिळायला हवं. परीक्षेत एका मोठ्या कारखान्याशी जोडलेले सगळे येणारे हप्ते दोन महिने पुढच्या कप्प्यात सरकवा. तिसऱ्या टप्प्यात भरलेला ‘उत्पन्न कुणाच्या हातून’ हा रकाना इथे कामाला येतो. तूट किती वाढते आणि किती खाती ९० दिवस ओलांडतात, दोन्ही पाहा.

सोनं २० टक्क्यांनी खाली. १०० रुपयांच्या सोन्यावर ७५ कर्ज, १२ टक्के सरळ व्याज, वर्षअखेर एकरकमी परतफेड. वर्षाने येणं ८४, सोनं ८०. चार रुपये उघडे पडले. तेच कर्ज ७० दिलं असतं तर येणं ७८.४०, म्हणजे तारण पुरलं असतं. चूक होते ती नुसत्या मुद्दलावर हिशेब केल्याने. वजनही निव्वळ धरा: खडे, दागिन्यात भरलेली लाख, मणी वगळून, आणि १८ कॅरेट असेल तर २२ कॅरेटच्या भावाला १८ भागिले २२ ने गुणून.

पहिले वीस ठेवीदार. त्यांची रक्कम एकूण ठेवींच्या किती टक्के आहे ते काढा. देवस्थान, शिक्षण संस्था, एकाच घरातली पाच नावं एक म्हणून मोजा. त्यातले पहिले पाच एकाच आठवड्यात आले तर कोणती गुंतवणूक मोडायची, ती मोडायला किती दिवस लागतात आणि दंड किती, हे नावानिशी लिहा. दुसऱ्या बँकेतली ठेव तारण ठेवून ओव्हरड्राफ्टची मर्यादा आधीच मंजूर करून घेतली नसेल तर गर्दीच्या दिवशी ती मिळत नाही.

## ८. मंडळापुढे काय ठेवायचं

दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत एकच पान. पहिल्या दोन कप्प्यांची तूट (नूतनीकरण धरून आणि न धरता), एसएमए-२ मधली रक्कम आणि मागच्या महिन्याशी फरक, सर्वांत मोठे पाच गट, सर्वांत मोठा ‘पैसे देणारा हात’, आणि या महिन्यात कोणतं गृहीतक कुणी बदललं. पानाखाली तेरजेची तारीख आणि आकडे जुळल्याची सेक्रेटरींची सही. मर्यादा ओलांडली असेल तर चेअरमननी काय ठरवलं ते त्याच बैठकीच्या इतिवृत्तात, रक्कम आणि मुदतीसह लिहून घ्या: अमुक लाखांची नवी कर्जमंजुरी अमुक तारखेपर्यंत थांबवली, अमुक ठेव मोडली.